पाण्याची वाट आधी, रंग मागून

सिंधुदुर्गात घर रंगवायचे ठरते ते सणाच्या हिशेबाने. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येणार, आरतीला अख्खी वाडी ओटीवर जमणार, तेव्हा घर उजळलेले हवे. म्हणून श्रावण लागला की रंगाच्या दुकानांत गर्दी होते आणि पावसाने उघडीप दिली की दर्शनी भिंतींवर घाईने रोलर फिरू लागतात. भिंतीचे पंचांग मात्र वेगळे असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या जिल्ह्यात सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याची दीड फूट जाड भिंत तो आतपर्यंत पिऊन घेते आणि दिवाळी उलटली, सकाळचे धुके पडू लागले, तरी ते पाणी हळूहळू बाहेर सोडत राहते. अशा ओल्या भिंतीवर रंगाचा पापुद्रा चढवला की आतली ओल त्याला मागून ढकलते. रंग फुगतो, फुटतो आणि पुढच्या चतुर्थीला पोपडे लोंबू लागतात.

मालवण आणि कुडाळ यांच्या मधल्या एका गावातल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने हे सगळे आपल्याच घरावर पाहिले होते. गावात त्यांना लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात. मागच्या खेपेस त्यांच्या घराला ठेकेदाराने ऐन चतुर्थीच्या तोंडावर रंग दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर बशीएवढे फुगे आले. बोटाने दाबले की आतून पाणी ठिबकायचे. आता घराच्या बाहेरचा रंग आपण आपल्या हातांनी द्यायचा, असे बाईंनी ठरवले. पेन्शनमध्ये रंगाऱ्यांची मजुरी बसवणे अवघड होते, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे ही भिंत का फुगते, ते त्यांना समजून घ्यायचे होते. रोजावर आलेल्या माणसाला पुढचे काम वाट पाहत असते, भिंतीपाशी रेंगाळायला त्याला सवड नसते. बाईंकडे सवड होती आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे पोर का चुकते हे शोधत बसण्याची सवयही होती.

सोबतीला दोघे होते. एक त्यांचे यजमान. गुडघ्यांमुळे शिडी चढणे त्यांना जमत नव्हते, पण शिडी धरणे, रंग ढवळणे आणि चुना गाळणे ही कामे त्यांनी आपल्याकडे घेतली. दुसरा त्यांचाच एक जुना विद्यार्थी. तो गेली कित्येक वर्षे गोव्यात रंगकाम करतो आणि सुटीला गावी येतो. त्याने पहिल्या दिवशी शेडकार्ड आणलेच नाही. घराभोवती एक फेरी मारली, भिंतीवर तळवा फिरवला, हाताला लागलेली पांढरी पूड दाखवली आणि म्हणाला, “बाईनू, पाणी खयसून येता तां आधी बघूया. रंगाचा मगे.”

ते बघण्याची खरी वेळ भर पावसाची. म्हणून माघात सुरू व्हायच्या कामाची तयारी आषाढातच झाली. मुसळधार पाऊस लागला की बाई छत्री घेऊन घराभोवती फिरत आणि वहीत काढलेल्या घराच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा करत. कोकणात पावसाची झड येते ती नैर्ऋत्येकडून, त्यामुळे दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींना सगळ्यात जास्त मार. पूर्वी मे महिन्याच्या अखेरीस या बाजूंना माडाच्या झावळांचे विणलेले झाप बांधत. आता ते क्वचित दिसतात. उत्तरेच्या भिंतीवर पाऊस थेट आदळत नाही, पण ऊनही फिरकत नाही, म्हणून शेवाळ तिथेच. पाख्यावरून गळणाऱ्या पागोळ्या अंगणातल्या मातीवर पडून उसळत होत्या आणि जोत्यापासून दोन फुटांपर्यंत भिंत तांबडी करत होत्या. खिडकीवरच्या सज्ज्याचे पाणी कडेवरून खाली पडण्याऐवजी सज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे वळत होते आणि भिंतीत शिरत होते. फुगे आलेली जागा नेमकी त्याच्या खाली होती.

पाऊस सरल्यावर पहिला माणूस बोलावला तो गवंडी. सज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड इंच आत, त्याने बोटभर रुंदीची खाच पाडली. वळून येणारे पाणी त्या खाचेशी अडते आणि थेंबाथेंबाने खाली गळते. एवढ्याशा खाचेवाचून त्या भिंतीवर मागच्या खेपेचा सगळा रंग फुकट गेला होता. पागोळ्या पडतात तिथे जोत्याकडून अंगणाकडे उतार देऊन खडी पसरली, म्हणजे थेंब मातीवर पडून उसळणार नाहीत. पश्चिमेच्या पाख्यावरची फुटकी कौले बदलली. मग वाट पाहणे. मार्गशीर्ष आणि पौष भिंतीला सुकण्यासाठी दिले.

भिंत सुकली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी साधी युक्ती आहे. जाड प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा घ्यायचा आणि चारही कडांना पट्टी चिकटवून तो भिंतीवर घट्ट लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलेले दिसले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. पौष अर्धा झाला तरी पश्चिमेच्या तुकड्यामागे दव होते. शेजारीपाजारी विचारू लागले, तेव्हा रंगारी विद्यार्थ्याने एका वाक्यात निकाल दिला, “ओल जायसर ब्रश हातात घेवचो नाय.”

हे घर खरे म्हणजे दोन घरे आहेत. पुढची ओटी, माजघर आणि देवघर सासऱ्यांच्या काळातले. चिऱ्याची भिंत, मातीचे सांधे आणि वर चुन्याचा गिलावा. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नंतरचे, सिमेंटमध्ये बांधलेले आणि सिमेंटचाच गिलावा केलेले. बाहेरून बघणाऱ्याला एकच घर दिसते, पण पाण्याशी वागण्याची दोन्ही भिंतींची रीत निराळी. चुन्याच्या गिलाव्यातून ओल आत येते तशी वाफ होऊन बाहेरही जाते. तिला वाट मोकळी लागते. सिमेंटचा गिलावा त्या मानाने घट्ट, त्याला बाहेरून पाणी अडवणारा रंग मानवतो, मात्र त्याच्या चिरा बुजवाव्या लागतात. ठेकेदाराने दोन्हींवर एकाच डब्यातला अ‍ॅक्रिलिक रंग मारला होता. नव्या भागावर तो बऱ्यापैकी टिकला. जुन्या भागावर तो चुन्याच्या सुट्या थरावर बसला आणि त्या थरासकट सुटला. बाईंनी म्हणून ठरवले की जुन्या भागाला पुन्हा चुनाच द्यायचा आणि नव्या भागाला बाहेरच्या भिंतींसाठीचा इमल्शन रंग. दोन जातींचे दोन रंग, आणि घर मात्र एकच दिसले पाहिजे.

रंगकामाचा बराच मोठा भाग खरवडण्यात जातो हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. पत्ती, तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली एवढ्यावर आठवड्यांमागून आठवडे जातात. जुन्या भिंतीवरून पत्ती चालू लागली तेव्हा थर उलगडत गेले. वर ठेकेदाराचा मोतिया इमल्शन. त्याखाली पिवळट, खरखरीत सिमेंटचा रंग. कोकणात त्याला सरसकट स्नोसेमच म्हणतात. हा रंग पांढऱ्या सिमेंटवर आधारलेला असतो, त्यामुळे तो लावण्याआधी भिंत भिजवावी लागते, कालवलेला रंग काही तासांत संपवावा लागतो आणि लावल्यावर गिलाव्यासारखे त्याच्यावर पाणी मारावे लागते. बाईंच्या यजमानांना ते पाणी मारणे आठवत होते; शाळेतून आल्यावर पिचकारीने भिंत भिजवायचे काम त्यांच्याकडे असे. स्नोसेमच्याही खाली चुना, एकावर एक इतके पातळ हात की ते वेगळे करता येत नव्हते. त्यातल्या एका थरात निळीची झाक होती. चुन्याचा पिवळटपणा मारण्यासाठी नीळ घालायची पद्धत सगळीकडेच होती, पण हा थर चांगलाच निळा होता. “ह्या माझ्या मोठ्या भयणीच्या लग्नाचा,” यजमान म्हणाले आणि तो तुकडा त्यांनी खिशात टाकला.

सगळा चुना उतरवायचा नव्हता. घट्ट बसलेला राहू द्यायचा, सुटा तेवढा काढायचा. पत्तीच्या मुठीने ठोकत गेले की भिंत सांगते. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर तो चिऱ्यापासून सुटला आहे. पोकळ जागा फोडून तिथे चुना-वाळूचाच गिलावा भरला. जुन्या मऊ गिलाव्यात सिमेंटचे ठिगळ लावले तर त्याच्या कडेने पुन्हा चीर जाते. उत्तरेच्या शेवाळावर ब्लिचिंग पावडरचे पाणी मारले, थोडा वेळ राहू दिले आणि तारेच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुतले. नुसते खरवडून शेवाळ जात नाही, त्याचा अंश छिद्रांत राहतो आणि नव्या रंगातून पहिल्याच पावसात वर येतो.

दारे-खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटपाशी मात्र बाईंनी सगळ्यांना थांबवले. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती अलीकडे. २०१६ च्या नियमांनुसार ती ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, अशी ठरली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून निर्मितीला लागू झाली. त्याआधीच्या चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. ते कोरडे घासले की त्याची धूळ उडते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक असते. आयुष्यभर सहा-सात वर्षांची पोरे सांभाळलेल्या बाईंनी या बाबतीत जराही सवलत दिली नाही. नातवंडे येणार होती त्या दिवसांत खिडक्यांना हात लावला नाही. एरवी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओलेच घासले, तोंडाला मास्क बांधला, खाली प्लॅस्टिक अंथरले आणि निघालेला सगळा चिखल बांधून वेगळा ठेवला.

आता चुना. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत. डोंगरातल्या चुनखडीचा असो की शिंपल्यांचा, रसायन एकच. कॅल्शियम कार्बोनेट साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो. ही कळी पाण्यात टाकली की पाणी उकळू लागते, म्हणून हे काम लोखंडी पिंपात, लांब काठीने आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करायचे. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरी गेलेला चुना बाईंनी बरेच दिवस पाण्याखाली मुरत ठेवला. मग यजमानांनी तो जुन्या सुती लुगड्यातून गाळला, त्यात डिंकाचे पाणी आणि थोडे मीठ घातले. डिंकाने चुना भिंतीला धरतो, मिठाने तो जरा सावकाश सुकतो.

चुना लावताना नवशिक्याचा धीर सुटतो, कारण ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही. भिंत नुसती ओली झाल्यासारखी वाटते. म्हणून माणूस जाड लावायला जातो, आणि जाड लावलेला चुना तडकून झडतो. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, भिंतीवर पुन्हा पाणी शिंपडायचे आणि दुसरा हात मारायचा. वाळता वाळता तो उजळत जातो. पुढचे काही आठवडे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत गेलेला दगड असा भिंतीवर परत तयार होतो. त्याला थोडा ओलावा लागतो, म्हणून कडक उन्हात चुना मारायचा नाही. पूर्वेची भिंत दुपारनंतर घ्यायची, पश्चिमेची सकाळी. ताज्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो, त्यात बुरशीला आणि शेवाळाला तग धरता येत नाही. दर वर्षी चुना देण्याच्या जुन्या रिवाजात हा हिशेबही होता.

बाजारचा ब्रश होता, तरी बाईंनी कोपऱ्यांसाठी नारळाचे सोडण ठेचून कुंचा केला. ही रीत त्यांनी आईकडून उचलली होती. घराच्या भिंतींना काव-चुना करणे, जमीन सारवणे, जोत्यावर काव ओढणे ही कामे कोकणातल्या घरांत बहुतेक बायकाच करत. उत्तरेला पालघरच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचा मान सवाष्णींचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण ज्या परंपरेतून ते आले ती बायकांच्या हातांनी जपलेली होती. रंग डब्यातून येऊ लागला तसे बाहेरच्या भिंतीचे काम ठेकेदाराकडे आणि पुरुष रंगाऱ्यांकडे गेले. शिडीवर चढलेल्या बाईंना पाहून रस्त्याने जाणारे थांबत होते, ते त्यामुळेच. त्यांच्या आजीने मात्र हे दृश्य पाहून काही विशेष मानले नसते.

रंग कोणता, यावर घरात वाद झाला. मुलाने डोंबिवलीहून करड्या आणि गडद मरून घराचा फोटो पाठवला. यजमानांना फिकट निळा हवा होता. या वादाचा निकाल चुन्याने लावला. चुन्याची अल्कता इतकी तीव्र असते की बरेचसे रंग तिच्यात टिकत नाहीत, विटतात. हमखास टिकतात ते मातीतले रंग, म्हणजे मुख्यतः लोहाची ऑक्साइडे: काव, गेरू, पिवळी रामरज. जुन्या भागाला म्हणून रामरजीचा पिवळा घ्यायचा ठरला आणि जोत्यावर तांबड्या कावेचा पट्टा. जांभा तांबडा असतो तोही लोहामुळेच, त्यामुळे चिऱ्याच्या पायऱ्यांशी हा पट्टा आपसूक जुळला.

नव्या भागाला तसाच रंग इमल्शनमध्ये आणायचा होता. इथे विद्यार्थ्याची युक्ती कामी आली. चुन्यात रामरजीची वेगवेगळी मात्रा घालून बाईंनी चिऱ्यांच्या तुकड्यांवर नमुने केले आणि ते चांगले वाळू दिले, कारण वाळलेला चुना ओल्यापेक्षा खूपच फिका दिसतो. पसंत पडलेला तुकडा पिशवीत घालून त्या कुडाळच्या दुकानात गेल्या. दुकानातल्या यंत्रात पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्ये थेंबाथेंबाने पडतात. बाईंनी दुकानदाराला विचारून घेतले की पिवळा कोणता पडणार. चकचकीत पिवळे आणि लाल रंग बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यातले अनेक उन्हात लवकर विटतात. लोह ऑक्साइडाचा पिवळा मंद दिसतो, पण पश्चिमेच्या उन्हाला वर्षानुवर्षे तोंड देतो. तोच घेतला.

ज्या पांढऱ्या बेसमध्ये तो पडला, त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. तो इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून मिळतो, आणि हे खनिज शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवीसारख्या किनाऱ्यांच्या काळ्या वाळूत भरपूर आहे. केरळमध्ये चवरा इथे अशाच किनारी वाळूतल्या खनिजापासून हे पांढरे द्रव्य करणारा सरकारी कारखाना आहे. काळ्या वाळूतून पांढरा रंग, ही गोष्ट बाईंना इतकी आवडली की ती त्यांनी नंतर वाडीतल्या मुलांना ओटीवर बसवून सांगितली.

रंग किती लागेल, हा हिशेब त्यांच्या हातचा मळ. नव्या भागाच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी ७० फूट, उंची १०. म्हणजे ७०० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे ८० वजा केले की ६२०. रंगारी याला साधारण सहा ब्रास म्हणतात, शंभर चौरस फुटांचा एक ब्रास. चांगल्या बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर, प्रायमर दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर, दोन हातांना साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतो. त्यांनी १० लिटरची एक बादली आणि ४ लिटरचा एक डबा घेतला, आणि सुरू करण्याआधी दोन्ही मोठ्या पिंपात एकत्र ढवळले. यंत्र एकच असले तरी दोन डब्यांत केसाचा फरक राहू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

सिमेंटच्या भिंतीच्या चिरा पत्तीच्या टोकाने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडल्या, धूळ झटकली आणि चिरा भरायच्या लवचीक अ‍ॅक्रिलिक लांबीने बुजवल्या. बारीक चीर वरवर पुसून बुजत नाही, ती आत धरायला जागा लागते. खडबडीत जागी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरली. अ‍ॅक्रिलिक पुट्टी घरातल्या भिंतींसाठी असते, बाहेर पावसात ती मऊ पडते. मग बाहेरचा प्रायमर, आणि त्यावर दोन हात, मध्ये किमान चार ते सहा तास सोडून. कडा आणि खिडक्यांभोवतीचा भाग आधी ब्रशने, बाकी रोलरने, नेहमी वरून खाली. जेवायला थांबायचे ते भिंतीच्या कोपऱ्याशी. मध्येच थांबले तर वाळलेल्या कडेवर नवा रंग चढतो आणि जोड कायमचा दिसत राहतो. ऊन भिंतीवर आले की यजमानांची हाक यायची, “अगो, खाली उतर, ऊन इला!” तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो, म्हणून त्या हाकेला बाईंनी एकदाही ‘अहो, हे एवढे झाले की येते’ असे उत्तर दिले नाही.

उंचीच्या कामात त्यांनी मर्यादा आखली होती. शिडी भिंतीला टेकते त्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतर खाली पाय, शिडी बांबूची, आणि विजेची सर्व्हिस वायर जाते त्या बाजूला आधी पुरवठा बंद. पाख्याखालची तिकोनी भिंत वासे-बांबूंची परांची बांधल्याशिवाय घ्यायची नाही. ती परांची विद्यार्थ्याने बांधली आणि ती भिंतही त्यानेच रंगवली. बाई खालून सूचना देत राहिल्या आणि तो शाळेतल्यासारखा “हो बाई” म्हणत राहिला.

दुपारच्या चहाला तो गोव्यातल्या कामांबद्दल बोलायचा. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये पिवळी, निळी, तांबडी घरे आणि त्यांच्या खिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या त्याने रंगवल्या होत्या. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता आणि घरांना पावसाळ्यानंतर नव्याने रंग द्यावा लागे, असे तिथले जुने लोक सांगतात. ती घरेही बहुतेक जांभ्याची आणि चुन्याच्या गिलाव्याची. पर्यटकांच्या फोटोंसाठी त्यांवर चमकदार इमल्शन चढते तेव्हा कुठल्या भिंतीला फुगे येणार हे आपल्याला आधीच दिसते, असे तो म्हणाला. घरमालकाला समजावण्याइतका वेळ कामावर मिळत नाही. बाईंच्या घरी तो वेळ मिळाला, म्हणून कसलेही पैसे न घेता तो पुन्हा पुन्हा येत राहिला असावा.

शिमग्याआधी काम पुरे झाले. दोन भागांचा जोड ओटीच्या बाजूने दिसत नाही. जवळ गेल्यावर चुन्याचा भाग मऊ, जरासा ढगाळ वाटतो आणि इमल्शनचा एकसारखा. दिवसाच्या उजेडात तो फरक बाईंना आवडतो आणि तो झाकायचा प्रयत्न त्यांनी केलेला नाही. शेजारच्या दोन घरांनी त्यांना शेड नंबर विचारला. बाईंनी नंबर दिला आणि लगोलग त्यांच्या घरांभोवती फेरी मारून, पागोळ्या कुठे पडतात ते दाखवून आल्या.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला तेव्हा बाई पुन्हा छत्री आणि वही घेऊन बाहेर होत्या. सज्ज्याखाली पाणी खाचेशी अडून थेंबाथेंबाने गळत होते. खडी पसरल्यामुळे चिखल उसळून जोत्यावरच्या कावेच्या पट्ट्यापर्यंतही पोहोचत नव्हता. पश्चिमेचा चुना झडीने थोडा धुपला, जसा धुपायला हवा तसा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मात्र जोत्यालगत तळव्याएवढा डाग उमटला, आणि त्यावर पांढरा लोणा धरू लागला आहे. तिथे बाहेरून पाणी यायला वाट नाही, हे त्यांनी भिजत उभे राहून तपासले आहे. मग उरतात दोन शक्यता: जमिनीतली ओल जोत्यातून चढते आहे, किंवा मोरीच्या नळाचा जोड भिंतीत पाझरतो आहे. दोन रात्री नळाची मुख्य चावी बंद ठेवायची आणि सकाळी डागाच्या कडेवर पेन्सिलीची खूण करायची, असे ठरले आहे. वहीच्या त्याच पानावर उरलेल्या दीड लिटर रंगाचा डबा माळ्यावर कुठे ठेवला आहे त्याची नोंद आहे, शेड नंबर आहे, येत्या माघात जुन्या भागाला चुन्याचा एक हात द्यायचा असे लिहिले आहे, आणि त्याखाली अधोरेखित करून: चावी, सोमवारपासून.